पंचविसावं पुस्तक

सलग तिसऱ्या रविवारी सकाळी आम्ही चौघं वसईतल्या वाचनालयात यादी करायला बसलो होतो आणि चोवीस पुस्तकांवर येऊन अडलो होतो. 'मोठ्यांनी वाचायलाच हवीत अशी पंचवीस पुस्तकं' अशी पाटी दाराजवळच्या भिंतीवर लावायची होती. सरांनी मथळा रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवला होता. सर म्हणजे आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. दुसरे निर्मळ गावचे काका. त्यांची केळीची आणि फुलांची वाडी आहे. सत्तरी ओलांडली तरी स्कूटरवरून येतात आणि आठवड्याला दोन पुस्तकं संपवतात. तिसरी आमची ग्रंथपाल, चाळिशीची. तिला सगळे ताई म्हणतात. आणि चौथी मी. पापडीजवळच्या एका शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे इथे मला सगळे बाई म्हणतात.

आधीचे दोन रविवार वादातच गेले होते. बायकांच्या आजारांवरचं एक पुस्तक सरांना नको होतं, कारण ते साहित्य नव्हे. काका म्हणाले होते, "मोठ्या माणसाला आधी आपल्या बायकोचं दुखणं कळू दे, साहित्य नंतर." ते पुस्तक यादीत आलं, पण त्यानंतर सर काकांकडे बघून बोलेनासे झाले. मला मात्र मजा वाटत होती. माझा शब्द बहुतेक वेळा शेवटचा ठरत होता, आणि तो ठरावा असं मलाही वाटत होतं.

त्या दिवशी काकांनी पिशवीतून एक पातळ पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठ मी लगेच ओळखलं.

"पंचविसावं हे," ते म्हणाले.

नायगावच्या बाजूला मिठागरांवर राबलेल्या एका बाईचं ते आत्मचरित्र होतं. तीसेक वर्षांपूर्वी इथल्याच एका छोट्या छापखान्यानं काढलेलं. ती बाई म्हणजे ताईची आई. हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. सरांना आणि काकांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की छापायच्या आधी ते पुस्तक मी तपासलं होतं. पुस्तकात माझं नाव नव्हतं. ताईला ते माहीत आहे की नाही, याचा अंदाज मला इतक्या वर्षांत कधी आला नव्हता आणि विचारायची हिंमतही झाली नव्हती.

सरांनी पुस्तक चाळलं. "विषय चांगला आहे. पण यादीत जाण्याजोगं आहे का? बाई, तुम्ही सांगा."

माझ्या तोंडून लगेच निघालं, "भाषा सपाट आहे. अनुभव मोठा आहे, पण वाचताना माणूस समोर उभं राहत नाही."

वाक्य खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

काका माझ्याकडे बघत राहिले. "मी तिला ओळखत होतो, बाई. नारळाच्या बुंध्यात घालायला आम्ही तिच्याकडून मीठ घ्यायचो. पाटी उतरवायच्या आत तिची चार वाक्यं होऊन जायची आणि आमची हसून पुरेवाट. ती सपाट बोलणारी बाई नव्हती."

"बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं," सर म्हणाले. "चला, मत घेऊ. माझं नाही. काकांचं हो. बाईंचं नाही. ताई?"

ताई रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "बाईंना विचारा ना, कुठलं पान सपाट वाटलं ते."

सरांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. मी ते उघडलं नाही.

छापखान्याच्या मालकांनी तिच्या चार वह्या माझ्या घरी आणून दिल्या होत्या. "जरा शुद्ध करून द्या," एवढंच त्यांचं सांगणं. लग्न होऊन मी देशावरून वसईत आले, त्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. वर्गातली मुलं 'पानी' लिहायची, मी लाल शाईनं 'पाणी' करायची. वह्यांवरही तेच केलं. 'आनि'चं 'आणि', 'कोन'चं 'कोण'. मग हात थांबेना. 'माजी आय'ची 'माझी आई' झाली. तोडून तोडून लिहिलेली वाक्यं मी जोडली. लोकांनी तिला हसू नये असं मला मनापासून वाटत होतं. एका पानावर तिनं लिहिलं होतं, "सासू मेली त्या दिशी मी पोटभर जेवली." पुढे अर्धं पान तेच, काय काय जेवली आणि जेवताना कशी रडू आवरत होती. वाचकांना बरं वाटणार नाही म्हणून मी त्या पानावर आडवी रेघ मारली.

पुस्तक आल्यावर ती पेढे घेऊन घरी आली होती. पदरानं खुर्ची पुसून मगच बसली. "चांगलं केलं बाई," म्हणाली. "आता शिकलेल्या बाईनं लिवल्यावानी वाटते." मी ती शाबासकी समजले. कितीतरी वर्षं ते वाक्य मी अभिमानानं जपलं होतं.

"बाई," सर म्हणाले, "राहू दे. नाही आठवत तर नाही."

"आठवतं," मी म्हणाले. "सगळी पानं सपाट आहेत. ती मी केली आहेत. पुस्तक मी तपासलं होतं." आणि मग सगळं सांगितलं, आडव्या रेघेसकट.

काका उठले. चहाचा कप तसाच ठेवून बाहेर गेले आणि स्कूटरवर नुसते बसून राहिले. गाडी काही सुरू केली नाही.

ताईनं रजिस्टर मिटलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "वह्या माझ्याकडे आहेत. इथे नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात रजिस्टरात तुमचं अक्षर बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." आवाजात राग नव्हता, ते जास्त जड गेलं. "आईनं ते पुस्तक परत कधी उघडलं नाही, बाई. कपाटात होतं. पाहुणे आले की दाखवायची आणि ठेवून द्यायची. वाचून दाखव म्हटलं तर वह्या काढायची. तुमची रेघ असायची, तरी ती वाचायची."

सरांनी घसा साफ केला. "ताई, मग तुमचं मत?"

"नाही," ती म्हणाली. "हे आईचं पुस्तक नाही. हे यादीत नको."

यादी चोवीस पुस्तकांचीच झाली. सरांनी दुसरी दोन-तीन नावं पुढे केली, पण कुणी वाद घालायला तयार नव्हतं. शेवटी त्यांनी रंगाऱ्याला फोन करून मथळ्यातला आकडा काढायला लावला. काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. वाचनालयात आले की पुस्तक बदलायचे आणि निघून जायचे.

मीही जाणं कमी केलं. एकदा ताईच्या घरापर्यंत जाऊन परत आले. मग एके दिवशी तिचाच फोन आला. दुपारी वाचनालय बंद असतं त्या वेळात या, म्हणाली. गेले तर टेबलावर चारही वह्या होत्या आणि शेजारी कोरे कागद.

"घरी न्यायच्या नाहीत," ती म्हणाली. "इथेच बसून उतरवायचं. तुम्ही काय बदललं ते तुम्हालाच नीट वाचता येईल."

तेव्हापासून आठवड्यातल्या दोन दुपारी आम्ही समोरासमोर बसतो. माझ्याच लाल शाईखालचे शब्द शोधून काढायला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी मी तीनदा 'पाणी' लिहून गेले. हाताला कळतच नाही. ताई बोटानं दाखवते, मी खोडते. एकदा मी तिला म्हणाले, "माझ्या वर्गातल्या मुलांच्या वह्या तर आता कुठेच नाहीत." वहीचं पान उलटत ती म्हणाली, "मी होते तुमच्या वर्गात. सातवीला." मला तिचा तेव्हाचा चेहरा आठवेना, आणि आठवतो असं खोटंही मी सांगितलं नाही.

सासूचं पान मागच्या आठवड्यात आलं. रेघेखालचं सगळं वाचता आलं, दोन शब्द सोडून. ते ताईला पाठ होते. तिनं सांगितले तसे मी लिहिले.

काका आता दारातून डोकावतात. परवा केळ्यांचा फणा ठेवून गेले आणि जाताना ताईला विचारलं, छापणार का? तिनं अजून ठरवलेलं नाही. मी विचारलेलं नाही. अजून दीड वही बाकी आहे.