उशाशी ठेवलेली जट

माझ्या डोक्यात देवीची जट होती म्हटलं, की नातवंडं हसतात. हसा बाबांनो, तुमचं काय जातंय! मानेमागं दोरखंडासारखी वळलेली, कितीही तेल घाला, सुटायची नाही. दर मंगळवारी तिला हळद लावायची. पहिलं लेकरू दगावलं त्याच साली ती आली, अन् गाव म्हणालं, देवीनं हिला धरलीय.

आम्ही कर्जतकडचे. ही गोष्ट मोठ्या लढाईच्या सालातली. नवरा अन् सासू आधीच ख्रिस्ती झाले होते, मीही बाप्तिस्मा घ्यायचं कबूल केलं. नगरहून आलेले पाळक म्हणाले, "आधी जट काढा. त्याशिवाय हे भय जायचं नाही." बोलायला काय जातंय! दुसरं लेकरू मांडीवर होतं माझ्या. जट कापली की देवी घरातलं लेकरू उचलते, हे बाळकडू मला पाजलेलं.

न्हाव्यानं कानाला हात लावले. शेवटी सासूच उठली. तिला मी आत्याबाई म्हणायची. जिभेनं तिखट, पण काळीज लोण्याचं. तिनं धनगराची मेंढ्या भादरायची कातर आणली. भर दुपारी पाळक प्रार्थना म्हणू लागले. कातर करकरली, अन् झोळीत रडणारं लेकरू एकदम गप्प झालं. डोळे उघडे, आढ्याकडं लागलेले. वाऱ्याचा पत्ता नव्हता, तरी झोळी हलत होती.

"आत्याबाई, थांबा! माझं लेकरू!" मी ओरडले.

"अर्धी कापलीया, आता कुठं थांबू?" म्हणत तिनं कातर दाबली. जट धपकन खाली पडली. लेकरू ठसकलं अन् रडायला लागलं. पाळकांनी मोठ्यानं देवाचे आभार मानले, पण जटेला हात लावायला कुणी धजेना. पाळकसुद्धा ओसरीवर जाऊन उभे राहिले.

आमच्याकडं जट नदीत सोडतात. नदी तर कोरडी ठाक. आत्याबाईनं ती पदरात उचलली.

"आज म्हाज्या उशाशी ठिवते," ती म्हणाली. "हुडकत आली तर म्हाज्याकडं येऊ दे. लेकराकडं न्हाई."

"अन् ख्रिस्तावर भरवसा नाही?" पाळक चिडलेच.

"हाय की! लई हाय. पर लेकरासाठी आपुन बी जागं ऱ्हावं."

सकाळी जट उशाशी नव्हती. उंदरांनी नेली म्हणा, कुत्र्यानं म्हणा. दाराला आतून कडी होती.

माझा बाप्तिस्मा झाला. लेकरू रांगलं, चाललं, चांगलं दांडगं झालं. एवढंच, की मी आत्याबाईचं डोकं धुवायची, ते तिनं बंद करून टाकलं. उपासनेला पहिल्या रांगेत बसायची, पदर कपाळापर्यंत ओढून. मला भारी राग यायचा. माझा हात एवढा नकोसा झाला काय हिला?

पुष्कळ वर्षांनी ती गेली, तेव्हा तिला शेवटची अंघोळ मीच घातली. पदर सारला अन् हातातला तांब्या तसाच राहिला. मानेमागं पांढरी जट होती, दोरखंडासारखी वळलेली. तिला हळदीचा वास येत होता.

अगं माय माझी! एवढी वर्षं एकटीनं जपलीस, कापली तर माझ्या लेकराकडं जाईल म्हणून!

मला हुंदका आवरेना. कातर मी मागितली नाही. तिचे केस पुसले अन् पदर होता तसा कपाळापर्यंत ओढला. बाहेर माझा लेक तिच्या पेटीला खिळे ठोकत होता.