काचेच्या वर पाहणारी

माझी भाची प्रांजली हिच्या लग्नात नवरा-नवरीने एकमेकांना हार घातलेच नाहीत, असं व्हिडिओ पाहणाऱ्याला वाटेल. प्रतिज्ञा आहे, पंगत आहे, माझे मिस्टर पुन्हा पुन्हा गुलाबजाम घेताना आहेत. हार तेवढे नाहीत. लग्न जामुलला झालं, शूटिंग आमच्या कोहक्यातल्या नरेशचं. मी तणतणत त्याच्या घरी गेले.

नरेश बाहेर गेला होता. घरात त्याची बायको मोनाली होती. नरेश शूटिंग करून आणतो आणि मोनाली घरी कॉम्प्युटरवर बसून त्याचा व्हिडिओ तयार करते. आमच्या समाजातली इकडची बरीचशी लग्नं या पोरीच्या हातून गेली आहेत. कुठल्या मामाचं रडणं खरं आणि कुठल्याचं कॅमेऱ्यापुरतं, हे ती मला हसून हसून सांगायची. त्या दिवशी हसली नाही.

“जयभीम काकू. बसा. हार कावून नाही, ते दाखवते तुमाले.”

“तो तर म्हणे, ऐन वेळी बॅटरी संपली.”

“मले बी तेच सांगितलं.”

तिने नरेशने आणलेलं, न कापलेलं शूटिंग लावलं. त्रिशरण चाललं होतं. सगळा मंडप बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंकडे तोंड करून, हात जोडून उभा. कॅमेरा प्रांजलीवरून हळूच सरकला, व्याह्यांना ओलांडून गेला आणि एका बाईवर थांबला. ती मृणाल. पावर हाउस भागातल्या बाजारात तिचं पार्लर आहे, नवरीच्या मेकअपसाठी आली होती. अख्ख्या मंडपात ती एकटीच मागे वळून पाहत होती आणि हसत होती. मग सगळ्यांचे हात खाली आले, टाळ्या वाजल्या, नवरा-नवरीवर उधळलेल्या पाकळ्या मृणालच्या केसांवरही पडल्या. म्हणजे हार तिकडे घातले जात होते. कॅमेरा तिच्यावरून हलला नाही.

“फोटोची हौस असेल मेलीला,” मी उगाच म्हणाले. “कॅमेरा दिसला की हसतात बाया.”

“कॅमेऱ्याले पाहणारी बाई काचेत पाहते, काकू. हे काचेच्या वर पाहून राहिली. वर कोन रायते? कॅमेरा धरणारा.”

गेल्या सीझनपासून ही बाई प्रत्येक लग्नाच्या शूटिंगमध्ये दिसत होती. मेकअपवाली आहे, दिसणारच, अशी मोनाली स्वतःची समजूत घालत आली होती.

मला नरेशचा असा संताप आला! लपवायचं तर माणसाने धड लपवावं तरी. हा बाबा प्रत्येक लग्नाहून आला की कॅमेऱ्यातलं कार्ड काढून बायकोच्याच टेबलावर ठेवायचा. आपण काय काढून आणलं ते बघायची त्याला कधी सवयच नव्हती, बघायचं काम बायकोचं.

“मले आंधळी समजते काय तो?” मोनाली म्हणाली. मग तिने चित्र थोडं मागे नेलं. आधी झेंडूचं तोरण स्पष्ट दिसत होतं. ते धूसर झालं आणि त्याच्यामागून मृणालचा चेहरा उजळत पुढे आला. “आन हा माझा शॉट होय, काकू. माह्या भावाच्या लग्नात त्यानं माझा असाच घेतला होता. तेवढा तुकडा मले आणून दिला, तवाच मी लग्नाले हो म्हटलं.”

तिने चित्र तिथेच थांबवलं. “मी चुकली असंन तर त्याचे पाय धरीन. मले चुकायचंच आहे.”

तेवढ्यात नरेश आला. मी उठले, तर मोनालीने माझा हात धरून बसवलं. त्यांच्या घरचा एक रिवाज होता. व्हिडिओ गिऱ्हाइकाला देण्याआधी दोघं चहा घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि नरेशने “पास” म्हटलं की काम संपलं. तिने चहा दिला आणि टीव्ही लावला.

एकही गाणं नव्हतं, नुसते तिने आधीच जोडून ठेवलेले तुकडे. या लग्नातली मृणाल, त्या लग्नातली मृणाल, तोरणामागची, पाकळ्यांतली. मी टीव्हीकडे पाहत होते. मोनाली मात्र नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती, म्हणून मीही पाहिलं. नरेश हसत होता. काय चाललं आहे ते कळायच्या आधीच त्याच्या तोंडावर ते हसू आलं होतं. कळलं तसं ते गेलं. त्याने कप खाली ठेवला.

शेवटी एक जुना, फिकट तुकडा आला. तोरण धूसर झालं आणि पांढऱ्या साडीतली एक पोरगी काचेच्या किंचित वर पाहत लाजली. नरेशला हायसं वाटलं असावं. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, “हे तू होय ना? मस्त आहे. कोनं घेतला हा?”

मोनालीने टीव्ही बंद केला. तिला जे विचारायचं होतं, त्याचं उत्तर मिळालं होतं.

“तुमीच,” ती म्हणाली.

मग कप उचलता उचलता माझ्याकडे वळली. “प्रांजलीले सांगा काकू, हार नाही भेटले. लय पाह्यलं मी.”