अष्टकवाल्या मावशी

मंगलाष्टक लिहून हवं असलं की मावशी आधी नवरीला एकटीला बोलवायच्या आणि तिचं मनगट हातात धरून बसायच्या. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, ती सवय हाताला राहिली होती. मग प्रश्न सुरू. रागावते कशावर? आजारी पडली की हाक कोणाला मारते? माहेरची कोणती वस्तू चोरून न्यावीशी वाटते? नवरीची आई बाहेरून म्हणायची, "मावशी, नावं सांगतलीच ना, टाका न लिहून." मावशींचं उत्तर ठरलेलं, "इचारल्याबिगर मी गोळी देत नव्हते, अष्टक कसं देऊ?"

अमरावतीला आमच्या गल्लीत त्यांना सगळे अष्टकवाल्या मावशी म्हणत. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक असावं. लिहिण्याचे पैसे घेत नसत. चहा मात्र दोनदा लागायचा, एकदा प्रश्न विचारताना आणि एकदा चाल बसवताना.

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. मी कॉलेजात होते तोवर पावसाळ्याच्या दिवसांत ते रोज संध्याकाळी आमच्या वळणावर छत्री घेऊन उभे राहत. बस कितीही उशिरा येवो, ते तिथं असायचे. हे मी मावशींना सांगितलं आणि विसरूनही गेले. मंडपात त्यांनी म्हटलं:

गेला बाप तरी उभाच वळणी घेऊन छत्री जुनी

पुढच्या ओळी मला ऐकूच आल्या नाहीत. अंतरपाटाआड मी रडत होते, आणि आई रडतेय हे मला तिच्याकडे न पाहताही कळत होतं. अक्षता पडल्यावर मामा चिडले. "शुभकार्यात मेलेल्या माणसाचं नाव काहून घेतलं तुमी?" मावशी शांतपणे पदर खोचत म्हणाल्या, "पोट्टी सकाळपासून त्याचंच नाव घेऊन राहिली मनातल्या मनात. मी फक्त मोठ्यानं घेतलं."

पण लिहून मागायला आलेल्या प्रत्येकाला त्या लिहून देत नसत. पुष्कळांना नुसतं बोलायला लावत. शेजारच्या बोंडेकाकूंना नवऱ्याच्या निवृत्तीच्या दिवशी दोन शब्द बोलायचे होते. "मले भाषण लिहून द्या," म्हणून त्या आल्या. मावशींनी तुरीची डाळ घेतलेलं सूप त्यांच्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "निवड, अन् सांग, साहेब घरी आले की पयले काय करते?" डाळ निवडून होईस्तोवर काकू नवऱ्यावर हसल्या, चिडल्या, एकदा डोळेही पुसले. "झालं तुयं भाषण. हेच बोल तिथं." काकू तेच बोलल्या. बोंडेसाहेब मान खाली घालून बसले होते, ते उठेचनात.

त्याच बोंडेकाकू काही वर्षांनी मोबाइल घेऊन आल्या. पुतणीचं मंगलाष्टक होतं. "पाहा न मावशी, नावं टाकली अन् दोन मिनिटांत आलं. तुमाले तरास नको म्हणलं." मावशींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. एका ठिकाणी मात्रा चुकली होती, ती दुरुस्त करून दिली. त्यानंतर दोन-तीन लग्नसराया लोक त्यांच्याकडे असेच येत, मोबाइलवरचं तपासून घ्यायला. नंतर तिकडे मात्राही चुकेनाशा झाल्या. मग त्यांना फक्त गायला बोलवत. पुढं आवाजही मोबाइलमध्येच मिळू लागला, गोड, न थकणारा. मावशींनी कोणाला नावं ठेवली नाहीत. वाटेत कोणाची लग्नाची पोरगी भेटली तर मात्र तिचं मनगट धरायच्या. पोरगी घाईत हसून हात सोडवून घ्यायची.

त्यांच्या नातीचं लग्न अकोल्याला होतं. मावशींचा मुलगा, म्हणजे तिचा बाप, तिथंच राहायचा. मावशी महिनाभर लिहीत होत्या, खोडत होत्या. नातीला फोन करून विचारायच्या. ती ऑफिसात असायची, "आजी, रात्री बोलू," म्हणायची. शेवटी जेवढं आठवत होतं तेवढ्यावर लिहिलं. मी सोबत गेले होते. कार्यालयात अंतरपाट धरला गेला, मावशी कागद काढून पुढं सरकल्या, आणि स्पीकरमधून मंगलाष्टक सुरू झालं. त्यात चांदणं होतं, दोन घराण्यांचा संगम होता, दोघांची नावं अगदी चालीत बसली होती. मुलानं लांबूनच आईला खूण केली, तू बस. त्यात वाईट काही नव्हतं. सत्तरी उलटलेल्या आईला उभं राहायला लागू नये म्हणून त्यानं स्वतः बसून ते करून घेतलं होतं. मावशींनी कागद बटव्यात ठेवला, मुठीतल्या अक्षता टाकल्या.

परतताना मूर्तिजापूर गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, मला तरी वाचून दाखवा." त्यांनी वाचलं, पण एसटी इतकी खडखडत होती की निम्मं मला कळलंच नाही. नात लहानपणी देवळात जाताना चपला हातात घेऊन चालायची, असं काहीतरी होतं. मी म्हटलं, "हे तिला पाठवा न."

"कायले वं?" त्या म्हणाल्या. "लगन लागलं आता."

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. कोणी मागितलंही नाही, म्हणून त्यांनी लिहिणं सोडलं हे गल्लीत कोणाच्या लक्षात आलं नाही. थंडीत मुलगा त्यांना अकोल्याला घेऊन गेला. मी भेटायला गेले तेव्हा फ्लॅटच्या गॅलरीत बसल्या होत्या. त्या मजल्यावरच्या बायका चांगल्या आहेत, म्हणाल्या, पण दार उघडं ठेवत नाहीत. मी निघाले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. प्रश्न विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी काही विचारलं नाही. होळीच्या आधीच त्या गेल्या.

आता आमच्याकडे सोयरीक जुळली की संध्याकाळपर्यंत मंगलाष्टक तयार असतं. परवा माझ्या भाचीचं झालं. ती पोर माझ्या मांडीवर वाढली, तिच्याबद्दल मी रात्रभर बोलू शकले असते. मला कोणी काही विचारलं नाही. आणि विचारलं असतं, तरी ते वृत्तात बसवून देणारं आता कोण होतं?