पोटातून आवाज

आमच्या आत्याबाईंइतक्या मोठ्या आवाजात बोलणारं माणूस डहाणूपासून विरारपर्यंत झालं नाही, आणि मनातली गोष्ट त्यांच्याइतकी वर्षानुवर्षं मनातच ठेवणारंही झालं नाही, हे मी आज बेधडक लिहू शकते. त्या माझ्या यजमानांच्या सख्ख्या आत्या, म्हणजे माझ्या आतेसासूबाई. अठराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या. भाऊ पाठीशी उभा राहिला म्हणून मुंबईला जाऊन नर्सिंग शिकल्या, आणि दुसरं महायुद्ध ब्रह्मदेशापर्यंत आलं तशी लष्करी इस्पितळात भरती होऊन थेट आसामच्या सरहद्दीवर पोचल्या. चार वर्षांनी परतल्या तेव्हा भाऊ-भावजय दोघंही तापाने गेलेली होती आणि तीन भाचरं एका म्हाताऱ्या चुलतीच्या ओटीत होती. थोरले माझे यजमान, मधली माझी नणंद आणि तीन वर्षांचा वसंत. आत्याबाईंनी गणवेश ट्रंकेत घातला आणि त्या दिवसापासून घराची छावणी केली.

मी लग्न होऊन बोईसरजवळच्या पाम गावातल्या वाडीत आले ती साठ-एकसष्टच्या सुमाराला. माझं माहेर केळव्याचं. तिथे आईने मला इतकं हळू बोलायला शिकवलं होतं की माझं नाव विचारणाऱ्याला दोनदा विचारावं लागे. पहिल्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातून लाजत म्हटलं, "चहा झालाय." आत्याबाई ओटीवरून गरजल्या, "पोटातून आवाज काढ! हा घसा कशाला दिलाय देवाने?" मी पुन्हा म्हटलं. "अजून!" शेवटी मी असा काही आवाज लावला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तेव्हा कुठे त्यांनी कप हातात घेतला. पुढे चार महिन्यांनी माझी आई भेटायला आली, आणि आमचं सगळ्यांचं साधं बोलणं ऐकून, या घरात रोज भांडणं होतात अशा समजुतीने रडत परत गेली.

घरात नियम फार. कुणी कुणाला पाठीमागून हाक मारायची नाही, समोर येऊन बोलायचं. दोघांनी एकदम बोलायचं नाही. बोलायच्या आधी दोन टाळ्या वाजवायच्या. जेवताना प्रत्येकाचा पाट ठरलेला, आणि वसंतचा पाट कायम डाव्या भिंतीला चिकटून. रस्त्याने जातानाही वसंत डावीकडे आणि बाकीचे सगळे त्याच्या उजव्या हाताला, अशी रांग लागे. हे सगळं लष्करातलं, असं मी समजत होते. नखं तपासणं, पाणी उकळणं, चमचे उकळणं हेही त्यातलंच. नवापूरहून डोक्यावर पाटी घेऊन येणारी जनीबाय तेवढी या शिस्तीला जुमानत नसे. आत्याबाईंनी एकदा तिला मासळी घेण्याआधी हात दाखवायला सांगितले, तर ती म्हणाली, "हात बघून काय करतंस बाय? बोंबील माज्या हातात हाय, हात तुज्या कालवणात नाय." आत्याबाईंनी तिला साबणाची वडी दिली आणि जनीबायने ती घरी नेऊन दुसऱ्या दिवशी वास चांगला येतो म्हणून कळवलं. हात मात्र होते तसेच.

बासष्टची लढाई झाली आणि आमच्याकडे सगळ्यांचं रक्त उसळलं. बोईसरला सभा भरली. पंचक्रोशीत खरीखुरी लढाई पाहिलेली बाई एकच, म्हणून आत्याबाईंना व्यासपीठावर बसवलं. छातीवर पदक लावून त्या उभ्या राहिल्या. तरुणांना स्फूर्ती मिळेल असे चार शब्द बोला, असं चिटणिसांनी विनवलं होतं. आत्याबाई अर्धा तास पायांवर बोलल्या. मोजे रोज कसे धुवावेत, बोटांमधली कातडी ओली राहिली तर काय होतं, जखमेतले किडे कसे काढतात. पुढच्या रांगेतली दोन माणसं उठून गेली. चिटणीस घाम पुसत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि शौर्याबद्दल काही?" त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे ते आडवे होऊन यायचे." आणि खाली बसल्या.

त्या सभेत वसंत होता. वीस वर्षांचा, उंच, पोहण्यात आणि ताडावर चढण्यात पहिला. दुसऱ्याच दिवशी भरतीचा कागद घेऊन आला आणि पालकाच्या सहीसाठी तो आत्याबाईंसमोर धरला. सगळ्या घराला वाटलं, आता त्या पेढे मागवणार. त्यांनी कागद वाचला, घडी केली आणि म्हणाल्या, "नाही."

"का नाय?"

"मी नाही म्हणते म्हणून."

वसंत महिनाभर मागे लागला. गावात बोलणं सुरू झालं. जनीबायनेही पाटी उतरवता उतरवता सुनावलं, "मेडल तू लावतंस बाय, नि लढाया दुसऱ्यांची पोरं?" कुणालाही शब्दाला शब्द दिल्याशिवाय न राहणाऱ्या आत्याबाई मुकाट्याने मासे मोजून घेत होत्या. मला त्यांची लाज वाटली. हे लिहिताना आता माझीच वाटते. वसंत माझ्यापाशी येऊन बसायचा, "वैनी, तू तरी दादाला सांग." आणि मी सांगितलं. यजमान आधी तयार नव्हते. मी दोन दिवस अबोला धरला, तेव्हा त्यांनी आत्याबाईंच्या नकळत थोरला भाऊ म्हणून सही केली. वसंत ठाण्याला भरतीसाठी गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. आत्याबाई अंगणात सुपारी निवडत होत्या. तो त्यांच्या समोर उभा राहिला, टाळ्याबिळ्या न वाजवता. म्हणाला, "डाक्टरनं उजवा कान बंद केला नि मागून बोलला. मला कायच आलं नाय ऐकू. तो म्हणतो, डावा कान लहानपणापासून मेलेला हाय. तुला ठाव होतं?"

"होतं," आत्याबाई म्हणाल्या. तो शब्द मला स्वयंपाकघरात ऐकू आला नाही, इतका हळू. यजमानांनी नंतर सांगितला.

वसंतला स्वतःला एवढंच वाटत असे की आपलं लक्ष जरा कमी असतं. कळायचं कसं? जन्मभर ज्याच्याशी सगळे समोर येऊन, उजवीकडून, मोठ्याने आणि एकेकटे बोलले, त्याला काही कमी आहे हे कळणार कुठून? दोन टाळ्या, भिंतीकडचा पाट, रस्त्यातली रांग, माझ्या घशातून उपटून काढलेला तो आवाज, यातलं लष्करातलं काहीच नव्हतं. एका पोराला बहिरा म्हणून कुणी हाक मारू नये, एवढ्यासाठी त्या बाईने सगळं घर आणि निम्मा गाव ओरडायला लावला होता.

रात्री यजमानांनी मला बाकीचं सांगितलं. आत्याबाई युद्धावर असताना वसंतला गोवर आला आणि पाठोपाठ दोन्ही कान फुटले. चुलतीने तेल घातलं, अंगारा लावला. आत्याबाई परतल्या तेव्हा पू वाहत होता. त्यांनी आठ महिने रोज ते कान धुतले. उजवा वाचला. यजमान तेव्हा अकरा वर्षांचे होते, पाण्याची वाटी त्यांच्याच हातात असायची. आत्याबाई त्यांना एकदाच म्हणाल्या होत्या, "तिकडे हजार पोरांच्या जखमा धुतल्या, आणि घरातल्या एकाकडे बघायला मी नव्हते." कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. ती पाळणाऱ्या माणसाकडून मी अबोला धरून सही करवली होती.

वसंत पुढे तारापूरला बिजलीघराच्या बांधकामावर कामाला लागला. चांगला रमला. यजमानांनी त्याला आठ महिन्यांचं ते धुणं वगैरे सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. पण आत्याबाईंशी त्याचं बोलणं जेवणाखाण्यापुरतं उरलं. दोन वर्षं घरात कुणी ओरडत नव्हतं आणि ते घर मला परक्याचं वाटत होतं.

पासष्टच्या लढाईत आत्याबाईंना पत्र आलं. मुंबईच्या एका लष्करी इस्पितळात जखमी फार आले आहेत, जुन्या परिचारिकांनी शक्य असेल तर मदतीला यावं, असा मजकूर. मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांची नजर मांडीवरच्या माझ्या एक वर्षाच्या मुलीकडे गेली. "मला नाही जमायचं," त्या म्हणाल्या, "घरात लहान मूल आहे." आणि उठून वाडीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी वसंत कामावर गेला नाही. त्याने माळ्यावरची ट्रंक खाली काढली, पुसली आणि आत्याबाईंच्या पुढ्यात आणून ठेवली. "जा तू," तो म्हणाला. "पोरीचे कान मी बघीन. रोज बघीन. दोन दिवसाआड पत्र टाकीन."

आत्याबाईंनी ट्रंकेची कडी उघडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्याच दिवशी पाहिलं. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मला फर्मावलं, "उभी काय राहिलीस? इस्त्री तापव."

बोईसरच्या फलाटावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. गाडी दिसू लागली तशी आत्याबाईंनी वसंतला खाली वाकवलं, दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला आणि त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन, आपल्या परीने अगदी हळूच म्हणाल्या, "वसंता, माझं चुकलं रे. मी जवळ नव्हते. मला माफ कर." आपल्या परीने हळू म्हणजे चहावाल्याने किटली खाली ठेवली आणि दोन हमालांनी टोप्या काढल्या. वसंत काहीच न ऐकल्यासारखा उभा होता. आत्याबाई डब्यात चढल्या.

त्या सात महिन्यांनी परत आल्या आणि पुढे वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षापर्यंत आम्हाला पोटातून आवाज काढायला लावत जगल्या. नातवंडं, पतवंडं, सगळी त्यांच्या टाळ्यांवर वाढली. फलाटावरची गोष्ट मात्र मी वसंतभावजींना कधी सांगितली नाही. आत्याबाईंनी मुद्दाम त्या कानात सांगितलेलं आपण कोण उघड करणार, असं वाटे. त्यांच्या तेराव्याच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "भावजी, त्या दिवशी गाडी यायच्या वेळी त्या तुमच्या कानात काय बोलल्या, सांगू का?"

ते हसले. "वैनी, माजा उजवा कान शाबूत हाय. अख्ख्या फलाटाला आयकू आलं, मला नाय येणार?"

"मग तेव्हा काही बोलला का नाहीत?"

वसंतभावजींनी नारळीच्या आळ्यातला पाचोळा हाताने बाजूला सारला.

"ती डाव्या कानात बोलली ना," ते म्हणाले. "मंजे मी आयकू नये असंच तिला वाटत असणार. मग मी नाय आयकलं."