मामाच्या आवाजात दिलेला हुकूम

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दारू पिऊनही नाही — आणि पिऊन मी बरंच काही बरळतो. तुम्हाला सांगतोय, तर एक आधीच ऐकून ठेवा. कीव करू नका. मी रडत बसणारा माणूस नाही.

आमचं काम अवजड मशिनी हलवायचं. रायपूरच्या कारखान्यांत मशीन आली की ती जागेवर बसवायला बीरगांवहून आमच्या टोळीला बोलावणं येतं. टोळीचा एक नियम — हुकूम एकाच तोंडाचा. हुकूम देणारा अशा जागी उभा राहतो की त्याला सगळ्यांचे हातपाय दिसतात. बाकीचे फक्त त्याच्या आवाजाकडे कान ठेवतात. तो "उठाव" म्हणाला की लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, दाबायची, "छोड" म्हणाला की सोडायची. त्या वेळी दुसऱ्यानं साधं पाणीही मागायचं नाही. आमच्यात हा आवाज माझ्या मामाचा होता. सख्खा मामा, त्यानंच मला या धंद्यात आणलं.

आणि मी मामाची नक्कल करायचो — हुबेहूब. चहाच्या वेळी त्याच्या आवाजात ओरडलो की टोळी दचकून उठायची, मग मला शिव्या. मामा सगळ्यांत जास्त हसायचा. कामाच्या वेळी मात्र मी नक्कल कधीच केली नव्हती.

त्या दिवशी आम्ही तोडलेल्या जहाजातला एक जुना जनरेटर बसवत होतो. जहाजात म्हणे असलं धूड आधी आत उतरवतात आणि मगच वरचं डेक बंद करतात. इथे मालकानं शेड आधीच बांधून ठेवली होती, तीही अशी अरुंद की भिंतीकडून माणूस अंग चोरूनच शिरेल. दिवसभर जनरेटर तसूतसूनं सरकवला. शेवटचा कोपरा राहिला. चौघांनी तो सब्बलीवर उचलून धरला होता, आणि संतूभैया — आमच्याच टोळीतला, गुढियारीचा — पायानं लाकडी ठोकळा खाली सरकवत होता. मी मागच्या फटीत, एकटा. मामा "छोड" म्हणेना.

मला वाटलं, म्हातारा झाला — घाबरतो. मामापेक्षा मला जास्त कळतं असं मला तेव्हा वाटायचं. खरं सांगू? आजही वाटतं. मी थकलो होतो का? नाही. कोणी घाई करत होतं का? नाही. संतूभैयाचा पाय मला दिसत नव्हता, हेही मी सबब म्हणून सांगत नाही. दिसत नव्हता, म्हणूनच तर तोंड उघडायचा अधिकार मला नव्हता.

"छोड!" — मी ओरडलो. मामाच्या आवाजात.

त्यांनी सोडलं. का नाही सोडणार?

संतूभैयाचा अर्धा पंजा गेला. धावपळीत मी वाट बघत होतो — आता मामा म्हणेल, हा मी नव्हतो. पण मामा तोंडावर हात ठेवून खाली बसला होता. "माह्याच तोंडून निंगालं असन रे," तो म्हणत होता, "मले काहून समजलं नाही?" पत्र्याच्या शेडमध्ये आवाज चहूकडून घुमतो. त्याला तो स्वतःचाच वाटला. मला एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. नाही बोललो — उलट त्याला पाणी नेऊन दिलं.

त्यानंतर मामानं कधी हुकूम दिला नाही. ती जागा मला मिळाली, आणि मी ती घेतली. का नाही घेणार? माझ्या हुकमावर आजवर कोणाचं नखही तुटलेलं नाही, हे मी ताठ मानेनं सांगतो. त्यानं काही फिटत नाही, तेही मला ठाऊक आहे.

यंदा दिवाळीला मामा मला घेऊन संतूभैयाकडे गेला. त्याच्या पायाला हात लावायला वाकला. संतूभैयानं त्याला वर ओढलं, म्हणाला, "अरे मामा, मैं तो कब का माफ कर दिया आपको." दोघं गळ्यात पडून रडले. तेव्हा सांगितलं असतं, तर मामाची उरलेली वर्षं सुखाची झाली असती. आज सांगितलं तरी होतील. मला कळतं ते — तरी सांगणार नाही. नंतर तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघेल, ती मला नको आहे. बस्स, एवढंच कारण.

ते रडत होते तेव्हा मी समोर बसून संतूभैयाच्या बायकोनं केलेला अरसा, आपल्या अनारशासारखा, खात होतो. संपल्यावर आणखी एक मागून घेतला.