लॉक करा म्हणाली म्हणून कुलूप लावलं

आज लई घोळ झाला बायांनो. लेकीकडच्या नातीच्या बारशाला सून स्वतः पाळणा करतीय, शेडातल्या तिच्या नव्या सुतारकामाच्या मशीनवर. फळी सरळ कापायला तिला टेकू देणारी मशीनची पट्टी दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "आत्या, लॉक करा."

मला वाटलं कोंबड्या आत येत्यात म्हणून म्हणती. बाहेर येऊन शेडला कुलूप लावलं.

आतून हाक आली, "अवो, मला नाय, पट्टीला."

मग कुलूप काढून आत जाऊन पट्टीचा दांडा आवळला. तिनं काटकोन बघायचा गुण्या लावून बघितलं, तर पट्टी केसभर सरकलेली. म्हणती, "आवळतानाच सरकती." तीनदा लावली, तवा फळी सरळ निघाली. पाळणा व्हतोय, मी खूश.

पण सरकतंय त्याला लॉक का म्हणत्यात? माझं कुलूप बरं की, सून जागची हलली नाय.