जपून ठेवलेला गुडघा

"कुठलीही वस्तू मोडायच्या आधी मला सांगते, मग मोडते," असं तडामामा म्हणायचे. म्हणायचे म्हणजे अधूनमधून नव्हे, श्वास घ्यावा तसं. खुर्ची करकरली की म्हणायचे, कुणाच्या बादलीचा कान निखळला की म्हणायचे. शेजारच्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही म्हणाले, आणि ते मुलाच्या आईच्या कानावर गेलं म्हणून काही दिवस मागच्या दाराने ये-जा करत होते.

माणूस खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना अगदीच टाकाऊ समजाल. त्यांची उभी हयात बसडेपोच्या वर्कशॉपात गेली. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, एक्सल मोडला, की तुकडे मामांच्या टेबलावर येत. मामा तुकडा खिडकीपाशी नेत, उजेडात तिरपा धरत आणि मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवत. आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावा, तसा. "हे बघ," ते म्हणत, "इथं गुळगुळीत आहे, आणि एकापुढे एक रेघा आहेत. ओढ्याचं पाणी ओसरताना वाळूवर रेघा सोडतं ना, तशा. म्हणजे तडा या कोपऱ्यातून निघाला आणि रोज थोडा थोडा पुढे सरकला. आता ही उरलेली जागा बघ, खरखरीत, साखरेसारखी चमकणारी. एवढीच शिल्लक होती, ती एका झटक्यात गेली. ड्रायव्हरला बोल लावू नका. हा त्या खड्ड्यात मोडला नाही, हा कित्येक महिने मोडतच होता."

किती ड्रायव्हरांच्या नोकऱ्या त्या अंगठ्याने वाचवल्या असतील! तडामामा हे नाव त्या ड्रायव्हरांनीच ठेवलेलं, आणि ते मानाचं होतं.

पण मोडलेलं वाचणं वेगळं आणि मोडणारं सांगणं वेगळं. मेलेला कशाने मेला हे सांगणं आणि जिवंत माणूस कधी मरेल हे सांगणं, यांत जेवढी दरी आहे तेवढीच इथेही आहे. निवृत्त झाल्यावर मामांनी ही दरी एका ढांगेत ओलांडली. डेपो सुटला, तुकडे येईनात. मग मामा न मोडलेल्या वस्तूंकडे वळले, आणि गल्लीत न मोडलेलं पुष्कळ होतं.

त्यांची रीत ठरलेली. गल्लीच्या एका टोकाला न्हाव्याचं दुकान, दुसऱ्या टोकाला सायकलवाल्याचं. गटाराच्या पाण्यावरून त्या दोघांचं असं बिनसलेलं, की एकाला शिंक आली तर दुसरा तोंड फिरवायचा. मामांनी या भांडणाचं सोनं केलं. पाण्याच्या टाकीसाठी नवा लोखंडी सांगाडा उभा राहिला तेव्हा मामांनी त्यावर छोटी हातोडी टिचकावली, कान लावला, लांब उसासा सोडला. न्हाव्याकडे जाऊन म्हणाले, "फार दिवसांचा सोबती नाही रे तो." मग गल्ली ओलांडून सायकलवाल्याकडे जाऊन म्हणाले, "काय काम केलंय! तुझ्या नातवंडांना पाणी पाजेल." पुढे सांगाडा कलला. मामा तडक न्हाव्याकडे. "काय म्हणालो होतो?" न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा वस्तरा उचलून मान डोलावली, "म्हणाला होतात मामा, म्हणाला होतात." सायकलवाल्याला सगळं आठवत होतं, पण वडीलधाऱ्या माणसाला कुणी तोंडघशी पाडावं, म्हणून तो गप्प. आणि एखादी वस्तू टिकलीच, तर मामा सायकलवाल्याकडे जात. तिथे टिकणाऱ्या वस्तूंचा साठा होता. असा हा ज्योतिषी. त्याचं एकही भाकीत कधी चुकलं नाही.

आता मामी. मामी शिवणकाम करायच्या. खिडकीपाशी त्यांचं पायमशीन, त्यावर कापडाचा ढीग, आणि तोंडात टाचण्या असल्यामुळे मामा काहीही म्हणाले तरी त्यांचं उत्तर "हं." सगळा संसार त्या "हं"वर चालला होता. पण पायडल मारून मारून उजवा गुडघा झिजला. आधी जिना सुटला, मग बाजार, आणि शेवटी मशीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांधा बदलायला हवा.

"मला डोंगर चढायचा नाही की नाचायचं नाही," मामी त्यांना म्हणाल्या. "माझा पाय मशीनच्या पायडलवर गेला पाहिजे. तेवढं करा."

"होईल की. वाकवत राहिलात तर नक्की होईल."

मामांनी खुर्ची पुढे ओढली. "हा तुमचा सांधा किती वेळा वाकतो?"

"लाखो वेळा, काका."

"लाखो म्हणजे नक्की किती?"

"मोजायचं कशाला? वापरायचा. वर्षानुवर्षं जातो."

बाहेर येताना मामा मामींच्या कानाशी लागले. "आकडा आहे बरं का. सांगत नाहीत." त्याच संध्याकाळी न्हाव्याला म्हणाले, "गुडघा काही चालायचा नाही, लिहून ठेव." आणि सायकलवाल्याला म्हणाले, "फर्स्ट क्लास होणार." बायकोचा गुडघा होता, पण रीत ती रीत.

ऑपरेशन नीट झालं. मामी घरी आल्या आणि व्यायाम घ्यायला एक तरुण मुलगी येऊ लागली, तिला घरात सगळे व्यायामवालीच म्हणत. ती मामींची टाच धरून पाय हळूहळू मागे सरकवी. मामी आई गं, बाई गं करत आणि ती म्हणे, "दुखू दे मामी. आत जखम भरतेय. गुडघा वाकता ठेवूनच ती भरली पाहिजे, नाहीतर सगळं आतल्या आत चिकटून बसेल."

हे मामांच्या डोळ्यांना बघवेना. बायकोचं दुखणं बघवत नव्हतं हे तर होतंच. पण त्याहून, ज्याचा आकडा ठरलेला आहे असं लोखंड कुणी असं उधळावं? एका सकाळी त्यांनी कपडे अडकवायची तार उलगडली आणि मामींसमोर बसून ती एकाच जागी इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवत राहिले. तार तुटली. तुटलेलं टोक त्यांनी मामींच्या तळहातावर ठेवलं.

"काय लागतं?"

"गरम आहे."

"आता गुडघ्याला हात लाव."

मामींनी लावला. गुडघाही गरम होता. त्यांचा चेहरा उतरला.

"अंगात ताप नाही, फक्त गुडघा गरम," मामा हळू आवाजात म्हणाले. "लोखंड थकायला लागलंय."

व्यायामवालीने कपाळावर हात मारला. "मामा, ही सूज आहे! ऑपरेशननंतर कुणाचाही गुडघा गरम लागतो. आणि आतला धातू तारेसारखा वाकत नाही हो, तो सरकतो. दाराची बिजागरी कशी फिरते, तसं."

"बिजागऱ्या तुटत नाहीत?"

"त्याआधी दार न उघडल्याने गंजतात!"

"हे बघ पोरी, तू आयुष्यात जेवढे चमचे धरले नसशील तेवढं तुटलेलं लोखंड मी धरलंय. मला नको शिकवू."

ती उभी राहिली. तिने मामांकडे पाहिलंच नाही. "मामी, तुम्ही सांगा. येऊ उद्या?"

मामींनी नवऱ्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण पाय ठणकत होता, आणि न दुखवून घेण्याचं इतकं शास्त्रशुद्ध कारण माणसाला रोज कुठे मिळतं? "थोडे दिवस थांब," त्या पुटपुटल्या.

त्या दिवसापासून गुडघा जपून ठेवण्यात आला. चांगल्या कपबश्या आपण पाहुण्यांसाठी कपाटात ठेवतो आणि स्वतः कान तुटलेल्या कपातून चहा पितो, तसा. पाय सरळ, स्टुलावर, खाली उशी. मामी चालायच्या त्याही खांबासारखा पाय फेकत. वळायचं झालं की मामा ओरडायचे, "वाकवू नको! एक वाकणं गेलं!" वाचवलेल्या वाकण्यांचा त्यांना कंजुषासारखा आनंद होत होता. मशीनवर अर्धवट शिवलेले कपडे धूळ खात पडले. गिऱ्हाइकं येत, पायाकडे बघून हळहळत आणि आपलं कापड उचलून नेत.

सूज उतरली, ठणका थांबला, तेव्हा मामी एका दुपारी भिंतीला धरून मशीनपाशी गेल्या आणि खुर्चीत बसल्या. पाय खाली येईना. तो सरळच्या सरळ पायडलच्या वरून पलीकडे गेला आणि टाच भिंतीला टेकली. मामींनी दोन्ही हातांनी मांडी धरून दाबली. गुडघा फळीसारखा. त्या रडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "जात नाही हो."

मामांचा चेहरा पडला. खरंच पडला, बायकोवर जीव होता त्यांचा. पण माणसाच्या तोंडावर दोन चेहरे राहू शकतात. पडलेल्या चेहऱ्याखालून दुसरा हळूच वर आला, आणि मामा चपला सरकवून न्हाव्याकडे निघाले.

न्हावी मऊ मनाचा. मामांनी "काय म्हणालो होतो?" म्हटल्याबरोबर तो दुकान टाकून मामींना धीर द्यायला मामांच्या मागोमाग आला. आणि नेमका तेव्हाच सायकलवाला मामींच्या काठीला बसवायचं रबरी बूच घेऊन आत बसलेला. दोघांनी एकमेकांना पाहून माना फिरवल्या. मामा दारातच थबकले. आपलं दुकान लुटलं जाताना दुकानदार थबकावा, तसे.

"मन घट्ट करा मामी," न्हावी म्हणाला. "मामांनी आधीच सांगितलं होतं, हा गुडघा चालायचा नाही म्हणून."

"काय बोलतोस?" सायकलवाला भांडण विसरून गर्रकन वळला. "मला तर म्हणाले, फर्स्ट क्लास होणार!"

"कधी?"

"ऑपरेशन ठरलं त्या संध्याकाळी."

"मलाही त्याच संध्याकाळी!" न्हाव्याने बोट गालावर ठेवलं. "थांब. टाकीचा सांगाडा?"

"नातवंडांना पाणी पाजेल."

"फार दिवसांचा सोबती नाही."

"माझी शिडी?" सायकलवाल्याने विचारलं.

"मोडणार म्हणाले. तुला?"

"जन्मभर पुरेल!"

दोघे हसत सुटले. गटारावरून तुटलेलं बोलणं शिडीवरून जुळलं. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि आज त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

"माझ्या पायाचंसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"तसं बघायला गेलं तर," मामा म्हणाले, "दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो."

"मोडलेलं वाचता ना तुम्ही? या इकडे. हे मोडलेलं वाचा." त्यांनी परकर गुडघ्याच्या वर घेतला. "कशाने मोडलं ते सांगा. दोघांसमोर, एकच."

मामा जवळ आले, खाली बसले. सवयीने अंगठा गुडघ्यावरून फिरवला. गरम नव्हता. थंड होता, घट्ट होता, आणि वाकवू गेलं तर सगळीकडून एकसारखा अडत होता. कुठे रेघ नाही, झीज नाही. बराच वेळ अंगठा फिरत राहिला. उभ्या हयातीत त्यांनी कुठल्याच तुकड्यापुढे एवढा वेळ घेतला नसेल.

"हे थकून गेलेलं नाही," शेवटी ते म्हणाले. "न हलवल्याने धरलंय."

"आणि हलवू कुणी दिलं नाही?"

"मी."

न्हावी आणि सायकलवाला एकमेकांना खुणावून बाहेर सटकले.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आतला सांधा नव्यासारखा आहे, भोवतालचं मांस चिकटलंय. मामींना गुंगी देऊन त्यांनी पाय वाकवून मोकळा केला. "आता मोकळा आहे," त्या म्हणाल्या, "पण आजपासून रोज वाकवला नाही, तर पुन्हा धरेल. मग पुन्हा एवढं सोपं जाणार नाही." मामा बाकावर बसले होते, पण त्या एकदाही मामांकडे बघून बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर मामींनी व्यायामवालीला फोन केला. ती म्हणाली, "मामी, तुमच्यासाठी मी धावत येईन. पण लोखंडवाले मामा घरात असताना नाही. त्यांनी स्वतः येऊन बोलवलं, तर बघू."

"ऐकलंत?" मामींनी फोन ठेवला. "जा."

"आत्ता? ऊन उतरू दे. आणि ती आलीच नाही तर? मला वाटतं, ती नाहीच यायची. किंवा..."

"दोन्ही नको!" मामी कडाडल्या. "जा आणि तिला घेऊन या. न्हाव्याकडे वळायचं नाही, सायकलवाल्याकडेही नाही."

मामांनी चपला घातल्या. खिडकीतून मामींना गल्ली पुरी दिसत होती. त्या मशीनसमोर बसल्या, ओठ दाबले, आणि टाच जमिनीवरून ओढत ओढत मागे आणू लागल्या. कळ डोक्यापर्यंत गेली. "आई गं!"

गल्लीत मामांची पाठ ताठरली. ते अर्धे वळले, तोंड उघडलं.

"वळू नका!" मामी खिडकीतून ओरडल्या. "चालू लागा!"

मामा चालू लागले. दुकानाच्या दारात न्हावी आला, हातात फेसाचा ब्रश. मागे गिऱ्हाईक, अर्धा गाल पांढरा, तेही मान लांब करून बघायला लागलं. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खांदे थोडे पडलेले, पाऊल मात्र झपझप, असे ते पुढे गेले. इकडे मामींच्या पावलाची बोटं पायडलच्या काठाला लागली. अजून टाच टेकायची होती. गल्लीच्या वळणावर मामा दिसेनासे होईपर्यंत मामी त्यांच्याकडे बघत पाय ओढत राहिल्या.